जहाज सुटायच्या आदल्या दिवशी

क्रूझचं बुकिंग केलंत ना, मग एक पथ्य पाळाच मंडळी. एक दिवस आधी मुंबई गाठा. गाडी लेट झाली तर ऑफिसात बॉस ऐकून घेतो, जहाज नाही. चेक-इन बंद म्हणजे बंद! आम्ही तर निघालो होतो अनसिंगहून. आधी वाशीम, मग अकोला, तिथून रात्रीची ट्रेन. डिसेंबर 2022 ची गोष्ट. सोयाबीन घरात आलं होतं, तूर शेतात उभी होती. बाबांना काय ती सवड मिळते ती एवढीच. म्हणून आई-बाबांना गोव्याच्या क्रूझवर न्यायचा बेत तेव्हाचा.

एक दिवस आधी येण्यामागे माझा आणखी एक हेतू होता. मला त्यांना ‘माझी’ मुंबई दाखवायची होती. आता नोकरी पुण्यात, पण 2014 ते 2018 अशी चार वर्षं मी गिरगावात काढली. आणि त्या चार वर्षांत त्यांना एकदाही बोलावलं नव्हतं.

प्लॅन एकदम टाइट. आईला डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बसवलं. (त्या जुन्या लाल डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला बंदच झाल्या. थोडक्यात साधलं म्हणायचं.) मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर ती जी पाय वर घेऊन बसली, ती अर्धा तास उठायलाच तयार नाही. मग गिरगावात पणशीकरांकडचं पियुष. बाबांनी एक घोट घेतला आणि विचारलं, “ताकात साखर काहून टाकली?”

आणि ग्लास ठेवता ठेवता म्हणाले, “चाल, तुही खोली दाखव.”

झालं! फोनवर मी कायम सांगायचो, खोली झकास आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. खोली कसली? चाळीतल्या एका कुटुंबाकडे पोटमाळ्यावर पेइंग गेस्ट होतो. ताठ उभं राहिलं की डोकं आढ्याला. ‘ती चाळ पाडली हो’ हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण चाळ शंभर पावलांवर शाबूत होती, आणि काकू नेमक्या गॅलरीतूनच हाका मारत होत्या.

बाबा शिडी चढले. वाकून खिडकीपाशी गेले. समोरच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर, बाकी काही नाही. बराच वेळ बघत राहिले. मी खाली शिडी धरून, शाळेत निकालाच्या दिवशी उभा राहायचो तसा. उतरल्यावर त्यांनी हात झटकले आणि काकूंना म्हणाले, “पोराले सांभाळलं तुम्ही.” बस, एवढंच.

टॅक्सीत आई बोलली. “तू इथं आला त्याच साली यायनं बैलजोडी इकली होती. तुले फोनवर सांगे, पीक मस्त हाय.” बाबा खिडकीबाहेर बघत होते. मीही दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅलार्ड पिअर. रांग मोठी होती, म्हणून आजूबाजूला नजर टाकायला भरपूर वेळ मिळाला. बॅलार्ड इस्टेटच्या त्या देखण्या इमारती जॉर्ज विटेटच्या, म्हणजे ज्याने गेटवे उभारला त्याच्याच. सामानाला टॅग लागले, मग जहाजावर लाइफ जॅकेटची कवायत. ती बघून आईने तिथेच देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

संध्याकाळी जहाज हललं. गेटवे आणि ताज दिव्यांत न्हालेले. अख्खी पब्लिक फोटोत गुंग. बाबा मात्र रेलिंगला टेकून शहराकडे बघत होते.

“तुही खोली कोन्या बाजूले हाय?”

मी ताजच्या उजवीकडे, इमारतींच्या पाठीमागे बोट दाखवलं. ते तिकडे बघत राहिले.

“ते चादर हालली ना,” ते म्हणाले, “तवा दिसला मले समुद्र. जरासा.”