तारण

गेल्या वर्षीच्या जानेवारीत मिरजोळ्यातील आमच्या घरापुढे एका टेम्पोतून 18 फूट लांबीची जुनी लाकडी होडी उतरवण्यात आली. मिरजोळे हे रत्नागिरी शहराला लागून असलेले, पण सड्यावरचे गाव. जांभ्या दगडाचे गडगे, आंब्या-काजूची झाडे आणि पलीकडे औद्योगिक वसाहत. अशा ठिकाणी अंगणात होडी पाहून शेजाऱ्यांना मौज वाटावी, हे साहजिकच होते. "काका, यंदा मिरजोळ्यापर्यंत पाणी येणार आहे की काय?" असे एकाने विचारलेही. आमच्या सौ. मात्र हसल्या नाहीत. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, तळाच्या भोकातून पलीकडची तुळस दिसते हे पाहिले आणि मला विचारले, "बँकेत असताना अशा तारणावर तुम्ही कर्ज मंजूर केले असते का?"

प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच होते. परंतु 'तारण' हा शब्द त्यांनी उच्चारला आणि मी काही क्षण गप्प झालो. त्या शब्दाशी माझा एक जुना हिशेब बाकी होता.

आमचे घराणे मूळचे घाटावरचे. आजोबा कोल्हापुरी गुळाचा व्यापार करीत आंबा घाट उतरून रत्नागिरीत आले व येथेच त्यांनी किराणा-भुसाराचे दुकान थाटले. त्याच घाटाच्या परिसरात उगम पावणारी काजळी नदी साखरप्यावरून वाहत येऊन भाट्ये येथे समुद्राला मिळते. "नदी आणि आपण एकाच वाटेने आलो," असे वडील म्हणत. त्या काळी खाडीकाठच्या वाड्यांना माल पोहोचवायचा तर बैलगाडीपेक्षा होडी सोयीची पडे. मीठ, गूळ आणि तांदळाची पोती घेऊन राजिवड्याहून होडी निघे आणि सुटीच्या दिवशी पोत्यांवर बसून मीही जाई. होडीवाल्याला आम्ही चाचा म्हणत असू. वल्हे कसे धरावे, कोठे पाणी उथळ आहे, वारा उलटला तर काय करावे, हे सारे मला त्यांनी शिकवले. मला होडी एकट्याने वल्हवता येऊ लागली, तेव्हा मी अवघा 12 वर्षांचा होतो.

चाचांना शाळा ठाऊक नव्हती, पण भरतीची वेळ ते घड्याळाशिवाय सांगत. त्यांचा नियम साधा होता : त्या दिवशीची जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ कळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6 वाजता. थोडा मागेपुढे फरक पडतो, पण काम भागते. भरतीची वेळ दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, हे त्यामागचे इंगित. दुकानात वडिलांनी मला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती. त्यातील पाऊणकीचा गल्ल्याबाहेरही असा उपयोग होतो, याचे मला फार अप्रूप वाटले होते. आपल्या घरांत अष्टमी-चतुर्दशी पाळतात, त्यामुळे तिथी कोणाला विचारावी लागत नसे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याचा जोर कमी, हेही त्याच ओघात कळले.

पुढे कोल्हापुरास राहून एम.कॉम. केले, 1982 साली बँकेत लागलो आणि होडी सुटली. नव्वदच्या दशकात खाडीकाठच्या एका शाखेत माझी बदली झाली. तेथे तर चालवणाऱ्या एका गृहस्थाला पूर्वी कर्ज दिलेले होते. होडी नजरतारण होती. ज्यांचा बँकेशी असा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : नजरतारणात वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात राहते, तो ती वापरून कमावतो आणि बँकेची फक्त नजर तिच्यावर असते. पुढे त्या खाडीवर पूल झाला. गावाला पूल हवाच होता, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण तरीचे उतारू संपले आणि हप्ते थकले. नियमाप्रमाणे नोटिसा गेल्या, आणि नियमाप्रमाणे मी होडी ताब्यात घेतली. ती किनाऱ्यावर ओढून उलट्या लाकडी ओंडक्यांवर ठेवली व तिच्यावर बँकेचा कागद चिकटवला.

तो गृहस्थ दर शनिवारी येई आणि खाडीतून घागरी भरभरून होडीत पाणी ओती. मला ते कळले तेव्हा मी त्याला बोलावून घेतले. तो म्हणाला, "साहेब, वस्तू तुमच्या ताब्यात आहे, मान्य. पण तिला पाणी कोण पाजणार? सुकली की फळ्या फाटतील." मी त्याला समज दिली. इतकेच नव्हे, तर बँकेच्या मालमत्तेस हात लावू नये, असे लेखी पत्र दिले. त्याने ते घडी करून खिशात ठेवले आणि पुन्हा आला नाही. लिलावाच्या परवानग्या येईपर्यंत दोन पावसाळे व दोन उन्हाळे गेले. फळ्या उकलल्या, खिळे गंजले, आणि अखेर ती होडी सरपणाच्या भावाने गेली. खातेवहीत मात्र तिची किंमत तोवर पूर्वीइतकीच दिसत होती. उरलेली रक्कम निर्लेखित झाली. माझ्या हातून कोणताही नियम मोडला नव्हता. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी शेराही चांगला होता.

निवृत्तीनंतर ही गोष्ट वरचेवर आठवू लागली. तारण या शब्दाचा आपल्या भाषेत एक अर्थ गहाण आणि दुसरा अर्थ रक्षण. पस्तीस-छत्तीस वर्षे मी पहिल्याच अर्थाने तो लिहीत आलो. आणि आपल्याकडे तर तीर्थ म्हणजे पाणी उतरून जाण्याची जागा आणि ती दाखवणारा तो तीर्थंकर, हे लहानपणापासून ऐकलेले. एका तरवाल्याची होडी कोरडी पडू देणाऱ्याने त्या शब्दाचा अर्थ सांगत बसू नये, म्हणून हा विषय येथेच सोडतो.

होडी विकत घेतली ती 22 हजार रुपयांना. पूर्वी ती खाडीत माणसे, गवताचे भारे आणि नारळ वाहत असे. आता बहुतेकांनी फायबरच्या होड्या घेतल्या आहेत. त्या हलक्या असतात आणि त्यांना दरवर्षी डागडुजी लागत नाही. परिणामी लाकडी होडी दुरुस्त करणारे हात कमी झाले. ज्या मिस्त्रींनी हे काम पत्करले ते सत्तरीचे आहेत. त्यांनी प्रथम हातोडीने होडीच्या तळाचा कणा, ज्याला पठाण म्हणतात, तो टोकापासून टोकापर्यंत ठोकून ऐकला. लाकूड निरोगी असेल तर खणखणीत आवाज येतो, कुजलेले असेल तर बद्द. "कणा शाबूत आहे," असे ते म्हणाले, तेव्हा मला ताळेबंद जुळल्यासारखा आनंद झाला. चार फळ्या मात्र गेल्या होत्या. लोखंडी खिळे गंजले की त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ होते. तो भाग कापून काढला, सागाच्या नव्या फळ्या बसवल्या आणि जेथे शक्य तेथे तांब्याचे खिळे वापरले.

फळ्यांच्या सांध्यांत तेल-राळेत भिजवलेला कापूस बोथट पटाशीने ठासावा लागतो. हे काम मिस्त्रींनी मला शिकवले. कापूस सैल राहिला तर गळती होते, आणि फार ठासला तर लाकूड फुगल्यावर फळीच उचलली जाते. कर्जवसुलीतही हेच तारतम्य लागते, असे मला वाटून गेले.

तेलाचा प्रश्न आला तेव्हा मिस्त्रींनी सहजपणे माशाच्या तेलाचे नाव घेतले, कारण किनाऱ्यावर होड्यांना पूर्वापार ते लावतात. माझी अडचण त्यांच्या लगेच ध्यानात आली. "मग उंडीचे तेल घ्या, जुनी माणसे तेही लावीत," असे म्हणून त्यांनी मार्ग दाखवला. उंडीचे झाड कोकणकिनाऱ्यावर सर्वत्र आढळते. त्याच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यांतही जाळीत. आतील बाजूस काजूच्या टरफलांचे तेल लावले. त्याने लाकडाला कीड लागत नाही. पण ते तेल अंगावर उडाले की कातडी भाजते. हातमोजे न घालण्याच्या माझ्या आळसाचे फळ म्हणून दोन्ही मनगटांवर फोड आले आणि सौ.ना बोलण्यास आठवडाभर विषय मिळाला.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. खाऱ्या पाण्यात सतत उभ्या असलेल्या लाकडाला शिंपले चिकटतात आणि लाकूड पोखरणारे जीव आत शिरतात. ते येऊ नयेत म्हणून विषारी रंग मिळतात. मी बराच विचार केला. शेवटी ठरवले की होडी पाण्यात मुक्कामाला ठेवायचीच नाही. वापर झाला की ती भरतीच्या रेषेच्या वर, माडाच्या सावलीत ओढून ठेवायची. जीव चिकटण्यास अवसरच मिळाला नाही, तर मारण्याचा प्रसंग येणार नाही. मात्र कोरड्यावर ठेवलेली होडी सुकते, म्हणून तिच्यावर ओली पोती घालावी लागतात आणि आत पाणी शिंपडावे लागते. हे ठरवताना शनिवारी घागर घेऊन येणारा तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला.

मे महिन्यात मी त्या गावी गेलो. तो गृहस्थ हयात नव्हता. त्याचा मुलगा पुलापलीकडे रिक्षा चालवतो. मी माझी ओळख दिली व म्हणालो, "तुमच्या वडिलांना पाणी घालू न देण्यात माझी चूक झाली. नियम होता, पण चूक होती." त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग घरात नेऊन त्याने वर आढ्याला बांधलेली दोन वल्ही दाखवली. जप्तीच्या यादीत वल्ही लिहायची माझ्याकडून राहून गेली होती. मला आता होडीसाठी वल्ही हवी आहेत, हे बोलताना माझ्या तोंडून निघून गेले. तो म्हणाला, "साहेब, चहा घ्या. पण ती मात्र देणार नाही. बाबांची आहेत." मी चहा घेतला आणि रत्नागिरीत येऊन नवी वल्ही करून घेतली.

पावसाळाभर होडी अंगणातील पत्र्याच्या छपराखाली होती. रत्नागिरीत 3 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात नवे लाकूड आपसूक मुरले. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावरच्या होड्या पाण्यात गेल्या. मी मात्र चातुर्मास संपेपर्यंत थांबलो. बंदर कार्यालयात नियम विचारून घेतले, जीवरक्षक जॅकेटे आणली आणि कार्तिक वद्य चतुर्थी हा दिवस धरला. हिशेब असा की चतुर्थीला 3 वाजता भरती पूर्ण. 1 वाजता निघालो तर भरती आपल्याला आत नेईल, 3 नंतर ओहोटी परत आणील आणि सूर्यास्तापूर्वी जेवण घरी होईल. भरतीचे छापील कोष्टकही पाहिले. चाचांचा नियम काही मिनिटांच्या फरकाने बरोबर निघाला.

सौ. येणार नाहीत, असे मी धरून चाललो होतो. त्या जॅकेट घालून, डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तपासणीला आले आहे." मिस्त्री नाळेपाशी बसले. पहिल्या 10 मिनिटांत तळाशी वाटीभर पाणी आले. सौ.नी माझ्याकडे पाहिले. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. अजून पाणी पितेय ती. पोट भरलं की थांबेल." कर्ल्याच्या पुढे गेलो तेव्हा खरेच थांबले. मागे भाट्याची माडांची रांग, तेथील 1955 साली स्थापन झालेले नारळ संशोधन केंद्र, आणि डाव्या हाताला उंचावर थिबा राजवाड्याचा सडा. 1910 च्या सुमारास बांधलेल्या त्या वाड्यात ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा अखेरपर्यंत राहिला आणि 1916 साली येथेच वारला. आला होता पाण्यावरून, परत मात्र जाऊ शकला नाही. मला 50 वर्षांनी का होईना, परतता आले.

चिंचखरीच्या बाजूस वळलो तेव्हा पाणी क्षणभर थांबले, आणि मग हळूहळू समुद्राकडे सरकू लागले. मी वल्ही वर घेतली. होडी आपली आपणच घराकडे निघाली.

एकूण खर्च 83 हजार 400 रुपये झाला. होडी आज विकायला काढली तर 30 हजारही येणार नाहीत, हे मला माझ्या व्यवसायाने शिकवले आहे. सौ.नी तो आकडा वहीत लिहिताना कपाळाला आठी घातली, पण पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली : 'दर शनिवारी पोती भिजवणे.' आता शनिवारी सकाळी मी विसरलो, तर त्याच आठवण करून देतात.