मिडल वॉच

अण्णा रात्री पावणेबाराला उठत, गजर न लावता. तोंडावर पाणी मारत, गंजीफ्रॉकवर सदरा चढवत आणि बाराला पाच कमी असताना आईच्या खाटेशी हजर होत. तोवर ज्याची पाळी असेल त्यानं, म्हणजे बहुतेकदा मी, उभं राहून सांगायचं : दूध किती घेतलं, शेवटची गोळी कधी दिली, कूस कधी बदलली, आता कोणत्या कुशीवर आहे. सगळं ऐकून ते म्हणत, ‘ठीक. जा.’ एकदा मी झोपेच्या भरात ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून निघालो, तर त्यांनी दारातून परत बोलावलं. ‘नॉर्मल म्हणजे काय? आकडा सांग.’

आईला झटका आला २००८ साली. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. अण्णा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. आम्ही भावंडांनी रात्रीसाठी बाई ठेवायचा विषय काढला. त्यावर ते काही बोलले नाहीत. आंब्याच्या हिशेबाची जाड वही घेतली, पट्टीनं रेघा मारल्या आणि दिवसाचे सात तुकडे केले.

सातच का, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जहाजावर दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत वाटलेला असतो. चोविसाला चारानं भागलं तर सहा येतात. पण सहा ठेवले तर बारा ते चारची मधली रात्र रोज त्याच माणसांच्या नशिबी येते. म्हणून संध्याकाळी चार ते आठच्या पाळीचे दोन भाग करतात, दोन-दोन तासांचे. त्यांना डॉग वॉच म्हणतात. संख्या विषम झाली की पाळी रोज सरकते आणि जागरण सगळ्यांना सारखं वाटलं जातं. आपल्याकडे दिवसाचे आठ प्रहर असतात, पण ते मोजताना कोण जागं राहणार, हा प्रश्न कुणी सोडवल्याचं मला आठवत नाही. अण्णांनी सात तुकडे केले खरे, पण पाळी सरकवली नाही. डॉग वॉच आम्हाला दिले. मिडल वॉच, रात्री बारा ते चार, कायमचा स्वतःच्या नावावर लिहिला.

ते १९५८ साली, सतराव्या वर्षी, नेव्हीत गेले. ट्रेनिंग विशाखापट्टणमला झालं. लग्न १९६५ चं. सुट्टीवर येताना भाऊच्या धक्क्यावरून बोट धरत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग करत ती देवगडला यायची. यायची म्हणजे खोल पाण्यात थांबायची आणि पुढे पडावानं किनारा गाठायचा. युद्धनौकेचं सुकाणू धरणारा माणूस त्या बोटीच्या डेकवर पथारी टाकून, ओकाऱ्या काढणाऱ्यांच्या मध्ये बसून येई. आजी सांगायची, उतरताना तो पडाववाल्याला दोर कसा धरायचा ते शिकवी आणि रीतसर शिव्या खाई.

१९७१ मध्ये ते ‘विक्रांत’वर होते. दहा वर्षांपूर्वी बेलफास्टहून आलेली ही आपली पहिली विमानवाहू नौका. एक बॉयलर तडकलेला असल्यामुळे तिला पुरता वेग नव्हता, आणि पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी तिच्याच मागावर बंगालच्या उपसागरात शिरली होती. म्हणून तिला अंदमानाकडे दडवून ठेवलं होतं. हे सगळं आता पुस्तकांतून वाचायला मिळतं. तेव्हा आईजवळ फक्त पत्ता होता : नाव, हुद्दा, जहाज आणि ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’. जहाज जगात कुठेही असो, पत्ता तोच. निळी आंतर्देशीय पत्रं ती टाकत राहिली. उत्तर येईना.

४ डिसेंबरला विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. ९ तारखेच्या रात्री, अगदी उलट्या बाजूला, दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. आमच्या वाडीत बातमी पोचली ती एवढीच, की नेव्हीचं जहाज बुडालं. कोणतं, ते कुणी सांगेना. ते दिवस आईनं ओटीवर बसून काढले, कंदिलाची वात बारीक करून, पहाटेपर्यंत. हेही मला आजीनंच सांगितलं. मी पाच वर्षांचा, आत झोपलेला.

म्हणूनच, आईच्या आजारपणात येणारेजाणारे ‘नवरा असावा तर असा’ म्हणू लागले तेव्हा मला बरं वाटेना. लग्नानंतरची अठरा वर्षं, दरसाल दोन महिन्यांची सुट्टी. बेरीज होते जेमतेम तीन वर्षं. बाकीची पंधरा वर्षं सासूचं दुखणं, कलमांची राखण, शेजाऱ्याशी गडग्यावरून भांडण, आम्हा तिघांचे ताप आणि परीक्षा हे सगळं तिनं एकटीनं केलं. त्याबद्दल ‘बायको असावी तर अशी’ असं म्हणायला कुणी आलेलं मला स्मरत नाही.

तिनं स्वतः याचा उच्चार एकदाच केला. विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तेव्हा २००४ च्या सुमारास मी दोघांना तिथं घेऊन गेलो. अण्णा उड्डाणपट्टीवर उभे राहून हातवारे करत मिडल वॉचबद्दल सांगत होते : काळोख किती दाट असतो, तीन वाजता चहा कसा अमृतासारखा लागतो, आणि ते चार तास कसे सरता सरत नाहीत. आई पदर सावरत ऐकत होती. मग म्हणाली, ‘तुमी थंय जागे, मी हंय जागी. मगे निजलो कोण?’ अण्णा हसले नाहीत. परतीच्या टॅक्सीत ते गप्प होते.

वहीत दर तासाची नोंद आहे. रक्तदाब, साखर, किती चमचे पाणी. शेवटच्या रकान्यात वारा. खिडकीपाशी जाऊन ते तो बघत असावेत. ‘०२१०. डावी कूस. घोट ३. वारा नैऋत्य, मंद.’ आठ वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. मायेचा एक शब्द शोधून सापडणार नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात, साखरेच्या दोन आकड्यांच्या मध्ये, एकच ओळ वेगळी आहे : ‘दारूखान्यात विक्रांत तोडायला घेतली.’ त्याखाली लगेच, ‘०३००. झोप शांत.’

आई २०१६ मध्ये गेली. तेव्हा घड्याळात दुपारचे सव्वादोन झाले होते, पाळी माझ्या बहिणीची. अण्णांना तेही थोडं लागलं असावं.

२०२२ मध्ये त्यांची वेळ आली, तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. घरीच, त्याच खोलीत. रात्रीचे बारा ते चार मी घेतले. शेवटच्या आठवड्यात भान जात-येत होतं. एका पहाटे, चारला थोडा अवकाश असताना, डोळे न उघडता त्यांनी विचारलं, ‘वॉचवर कोण?’ मी नाव सांगितलं. मग नाडी सांगितली, रक्तदाब सांगितला, लघवी किती झाली ते सांगितलं. ते थांबून राहिले.

‘तिची कूस बदललीस?’

‘बदलली.’

‘कधी?’

‘तीन वीसला,’ मी म्हणालो. ‘आता डाव्या कुशीवर आहे.’

‘ठीक,’ अण्णा म्हणाले. ‘जा.’