मुंबईत उतरायचं कुठे?

मुंबईला जायचं ठरलं की आमच्याकडे तिकिटाआधी विषय निघे तो उतरायच्या जागेचा. उत्तर ठरलेलं असे: आत्येकडे, गिरगावात. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकायचं, ‘मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघतो.’ उलट उत्तराची वाट कुणी बघत नसे. रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि सकाळी पोहे, आमसुलं, मोसम असेल तर फणस घेऊन दारात उभं राहायचं.

चाळीतली दीड खोली, माणसं सात. जेवणं आटोपली की काका पलंगावर, बायका-पोरं आत आणि पाहुणा गॅलरीत. वारा झकास. पण पहाटे नळाला पाणी आलं की बादल्या खणखणत आणि कुणीतरी ‘पाय घ्या हो’ म्हणत ओलांडून जाई. मग टमरेल घेऊन रांगेत.

ज्यांना आत्या नव्हती त्यांना लालबाग-परळमधली गावाची खोली. गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचं; माणशी एक ट्रंक, एक खुंटी. जेवायला खानावळ. या खानावळवाल्या बायकांनाच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. खिसा बरा असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले ते तिथेच. विदर्भ-मराठवाड्याकडचे लोक थेट आमदार निवास गाठत. आमदार एक, त्याच्या खोलीत झोपलेले दहा. लोकशाहीचा इतका रोखठोक उपयोग दुसरा कुठला झालेला मला ठाऊक नाही.

हे सगळं स्वस्त होतं, असं आपण म्हणतो. पाहुण्याला स्वस्त होतं. महिनाअखेरीला कुणी टपकलं की आत्या वाटी घेऊन शेजारी साखर मागायला जाई, आमटी वाढवी, आणि ‘राहा की अजून दोन दिवस’ असंही म्हणे. रेशनचं रॉकेल किती उरलंय, हे फक्त तिलाच माहीत असे. आम्ही दोन दिवस राहायचोही.

आता मोबाइलवर खोली मिळते. आधार कार्ड दाखवलं की झालं. कुणाचा कोण, हे कुणी विचारत नाही. मुंबई सेंट्रल स्टेशनात तर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे. आमच्या वडिलांना ती फडताळातली झोप वाटली असती. हजाराच्या आतल्या खोलीला जीएसटीची माफी होती, तीही जुलै २०२२ मध्ये गेली. फोटोतली खोली आणि प्रत्यक्षातली खोली यांचं नातं लांबचंच. तरी दिलेल्या पैशांत हिशेब मिटतो, कुणाचे उपकार राहत नाहीत.

मात्र ही सोय दोन-चार रात्रींची. टाटा हॉस्पिटलला उपचारासाठी महिनोन्‌महिने राहावं लागणाऱ्यांना आजही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणांचाच आधार. तिथे जागा नसली की परळचा फुटपाथ.

गेल्या महिन्यात पुतण्या मुलाखतीला आला आणि अंधेरीच्या एका हॉस्टेलात बंक घेऊन राहिला. आम्ही डोंबिवलीत असताना! मी जरा फुगलोच. ‘काका, उगाच काकूला त्रास,’ तो फोनवर म्हणाला. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. ‘बरं केलंस रे. रात्री जेवायला मात्र ये. आणि शेवटची लोकल चुकवू नकोस.’