काटा 'एच'कडे सरकतो तेव्हा

डॅशबोर्डवरचा सगळ्यात दुर्लक्षित मेंबर कोण? टेम्परेचरचा काटा! स्पीड आपण बघतो, पेट्रोल तर बघतोच (महिनाअखेरीला जरा जास्तच). पण 'सी' आणि 'एच'च्या मधे निमूट उभा असलेला तो काटा? त्याची आठवण होते ती बॉनेटमधून वाफ निघायला लागल्यावर. काही नव्या गाड्यांत तर काटाही नाही, नुसता लाल दिवा. आणि यावर आपला सगळ्यांचा फंडा एकच : गाडी बाजूला घ्या, पाण्याची बाटली ओता, पुढे चला.

बॉस, पाणी ओतणं म्हणजे तापावर गार पट्टी. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण ताप कशाचा आहे, ते कोण बघणार?

गेल्या मे महिन्यात मी किल्लारीला मामांकडे गेले होते. किल्लारी म्हटलं की आपल्याला एकच तारीख आठवते, ३० सप्टेंबर १९९३. मामांचं घर भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातलं. दारात मारुती ८००. २००८ची, एमएच-२४ नंबरची, बिना एसीची, पंधरा वर्षांनंतर रीपासिंग करून आणलेली. मारुतीने ही गाडी बनवणं २०१४ मध्ये थांबवलं, पण मामांच्या घरात तिची ड्यूटी अजून संपलेली नाही. मामींचं डायलिसिस असतं लातूरला, आठवड्यातून दोनदा. अंतर चाळीसेक किलोमीटर. चार तास मशीनवर काढल्यावर एसटीत उभं राहून परत येणं त्यांना झेपत नाही. म्हणजे ही गाडी चैन नाही, औषधाचाच भाग आहे.

आणि नेमकी तीच तापत होती. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला होता : "हेड खोलावं लागंल. वीसेक हजार धरून चला." मामा गाडी काढून टाकायच्या विचारात. तोवर डिकीत पाण्याचा कॅन. मामी हसत म्हणाल्या, "मला डॉक्टरनं दिवसाला मोजून लिटरभर पाणी लावून दिलंय, आन् ही भवानी एका खेपंला दोन लिटर पिती!"

मी गेली काही वर्षं गाड्यांच्या पानासाठी लिहिते. त्यामुळे मेकॅनिक लोकांच्या मागे वही घेऊन फिरायची सवय. त्यातल्या एका उस्तादांनी शिकवलेला नियम असा, की आधी फुकटचे प्रश्न, मग स्वस्तातले पार्ट आणि सगळ्यात शेवटी इंजिन. आम्ही तसंच केलं. तुमच्या पार्किंगमध्ये तुम्हालाही जमेल.

पहिला प्रश्न : गाडी तापते कधी? हायवेला पळताना तापत असेल, तर संशय कूलंट कमी असण्यावर, रेडिएटर चोंदण्यावर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंपवर. ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला तापत असेल, तर संशय पंख्यावर. कारण गाडी पळताना रेडिएटरला वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीत ते काम पंखा करतो. मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "लामजन्यापर्यंत काही नाही, औशापर्यंतबी नाही. लातुरात शिरलं, गंजगोलाईच्या गर्दीत अडकलं, की तापलीच."

दुसरा प्रश्न : पाणी जातं कुठे? रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली. सकाळी कोरडी. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइल स्वच्छ. दुधाळ चहासारखं दिसलं असतं, तर पाणी ऑइलमध्ये शिरतंय असं समजायचं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. थंड गाडीची कॅप काढून इंजिन चालू केलं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडेही नाहीत. म्हणजे हेड गॅस्केटवर आळ घ्यायला पुरावा एकही नाही.

मग रेडिएटरची कॅप बघितली. ही कॅप म्हणजे प्रेशर कुकरचं झाकणच समजा. आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांना उकळत नाही, बरंच वर जाऊन उकळतं. मामांच्या कॅपचं रबर कडक होऊन चिरलेलं. दाब टिकत नव्हता, पाणी लवकर उकळून बाहेर पडत होतं. (कुकर शिट्टी होताच उघडतो का आपण? मग गरम गाडीची कॅपही उघडायची नाही. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वाफेने चेहरा भाजतो.)

तिसरा प्रश्न : पंखा फिरतो का? गाडी उभीच चालू ठेवली. काटा अर्ध्याच्या वर गेला तरी पंखा ढिम्म. लगेच इंजिन बंद. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा सुरू होतो, त्यामुळे तुमच्याकडे टेस्ट आणखी सोपी. गाडी गार झाल्यावर पंख्याचा कनेक्टर सोडवला आणि दोन वायरींनी मोटरला थेट बॅटरीचा करंट दिला. गर्रकन फिरला! मोटर चांगली, फ्यूजही चांगला. मग वायरिंग चाचपत गेलो, तर मडगार्डच्या आडोशाला एक वायर उंदराने कुरतडून ठेवलेली. बॅटरीचं टर्मिनल काढलं, वायरचा तुकडा जोडला, टेप गुंडाळली, वरून प्लॅस्टिकची नळी चढवली. संपलं!

शेवटी रेडिएटर रिकामा केला. बाहेर आलं ते गंजाचं, काढ्याच्या रंगाचं पाणी. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. जड पाण्याचे क्षार आत बसतात, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरमध्ये पांढरा थर बसतो ना, तसे. या भागात पाण्याला नावं ठेवायची सोय नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. पण रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच हवं. कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याचा बिंदूही वाढवतं. जुनं कूलंट मात्र अंगणात ओतायचं नाही. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं. कॅप, कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, टेप असा सगळा खर्च दीड हजाराच्या आत.

मामा बराच वेळ ती कुरतडलेली वायर हातात घेऊन बसले. म्हणाले, "त्र्याण्णवच्या आधी वर्षभर बारके बारके हादरे बसलालते. भांडी वाजायची. पयलं पयलं घाबरलो, मग सवय झाली."

माझा जन्म त्यानंतरचा. १९९२ पासून इथे लहान धक्के बसत होते, हे मी वाचलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला मोठा धक्का बसला तेव्हा आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गाडीच्या काट्याशी त्याची बरोबरी होऊच शकत नाही. भूकंप कधी होणार, हे आजही कुणाला सांगता येत नाही. त्यामुळे सवय झाली यात मामांचा काय दोष? पण काट्याचं तसं नसतं. तो आधी सांगतो, स्पष्ट सांगतो, आणि त्यावर काही करायला आपल्याकडे वेळ असतो. अशा इशाऱ्याचीही सवय करून घ्यायची का, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल (हो, मे महिन्यातसुद्धा! इंजिनची थोडी उष्णता तो ओढून घेतो), गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी मारू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आणि तपासण्या करूनही कारण सापडलं नाही, तर गाडी टो करून न्या, चालवत नेऊ नका. हेड खरंच जातं ते अशा 'जरा जपून चालवतो'मुळेच.

मामींची एक वही आहे. डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी, दिवसभरात प्यायलेलं पाणी, सगळं त्यात. परवा फोनवर म्हणाल्या, वहीत आता आणखी एक रकाना आखलाय, 'गाडी'. लातूरला निघायच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, मामा कूलंटच्या बाटलीची पातळी बघून सांगतात आणि मामी लिहून घेतात. महिनाभर आकडा हललेला नाही.