चित्राला फुलांचं उत्तर

मुलांनो, एखादं चित्र पाहून कुणाला कविता सुचते, कुणाला गोष्ट सुचते. पण चित्र पाहून कुणाला फुलांची रचना सुचली तर? आणि ती रचना खुद्द त्या चित्रासमोरच मांडायला मिळाली तर? अमेरिकेतल्या बोस्टन शहरात असं प्रदर्शन भरतं, बरं का! तिथल्या ललित कला संग्रहालयानं १९७६ साली ते सुरू केलं. नाव 'आर्ट इन ब्लूम', म्हणजे बहरलेली कला. वसंत ऋतूत तीन-चार दिवस संग्रहालयाच्या दालनादालनांतून ताजी फुलं चित्रांच्या आणि मूर्तींच्या सोबतीला येतात. पुढे अमेरिकेतल्या इतर शहरांतल्या संग्रहालयांतही अशी प्रदर्शनं भरू लागली.

२०२३ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी रजा काढून मी बोस्टनला गेले होते. एप्रिलच्या अखेरीस बहीण म्हणाली, "ताई, किती दिवस घरात बसशील? हिला घेऊन फुलं तरी बघून ये." म्हणून आठ वर्षांच्या भाचीचं बोट धरून मी निघाले. खरं सांगू? चित्रांच्या दालनात मला जरा परकंच वाटतं. डी.एड.ला असताना घडा, चेंडू, पुस्तक अशी वस्तुचित्रं काढली, तेवढीच माझी चित्रकला. मोठ्या चित्रापुढे उभं राहिलं, की 'छान आहे' याच्यापुढे काय म्हणावं ते सुचत नाही.

आधी भेटले पोस्टमनकाका! व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकारानं १८८८ साली फ्रान्समधल्या आर्ल गावी आपल्या मित्राचं, जोझेफ रूलँचं, हे चित्र काढलं. निळा गणवेश, सोनेरी बटणं आणि छातीवर रुळणारी भली मोठी दाढी. समोरच्या रचनेत होते डेल्फिनियमचे उंच निळे तुरे, गोटीएवढी गोल पिवळी फुलं आणि खाली लोंबणारं कुरळं गवत. भाचीनं टाळीच वाजवली. "मावशी, ही बटणं! आणि ही दाढी!" कोडं सुटल्याचा आनंद झाला तिला.

पुढच्या एका चित्रापाशी मात्र आम्ही थबकलो. जॉन सिंगर सार्जंट यानं १८८२ साली रंगवलेलं हे चित्र सव्वासात फूट उंच आणि जवळजवळ तेवढंच रुंद आहे. त्यात बॉइट कुटुंबातल्या चार बहिणी आहेत. सगळ्यांत धाकटी बाहुली घेऊन गालिच्यावर बसलीय. एक डावीकडे एकटीच उभी आहे. थोरल्या दोघी मागे, अंधाराच्या तोंडाशी. त्यांतली एक तर स्वतःपेक्षा उंच फुलदाणीला टेकून उभी आहे. त्या खऱ्याखुऱ्या जपानी फुलदाण्याही संग्रहालयानं चित्राच्या दोन बाजूंना ठेवल्या आहेत!

आणि समोरच्या रचनेत फुलं किती? फक्त चार! पांढरीशुभ्र. एक पुढे, अगदी खाली. एक बाजूला. दोन मागे, काळपट पानांच्या आड. बाकी सगळी मोकळी जागा. एवढ्यात भाचीनं विचारलं, "मावशी, उजवीकडे ते एकच तांबडं पान कशाला लावलंय?"

आम्ही पुन्हा चित्राकडे पाहिलं. तिथे उजव्या कडेला उंच तांबडा आडपडदा होता! तोवर आम्ही मुलींनाच बघत होतो. मग ती मोकळी जागाही दिसली. एका घरातल्या, एका खोलीतल्या चार बहिणी, पण एकमेकींपासून किती लांब लांब! भाची हळूच म्हणाली, "यांचं भांडण झालंय का गं?" मला उत्तर देता आलं नाही. पण त्या चित्रापुढून आम्ही दोघी बराच वेळ हललो नाही.

पोस्टमनकाकांच्या फुलांनी चित्रातल्या वस्तू सांगितल्या होत्या. या चार फुलांनी चित्रातलं एकटेपण सांगितलं. नक्कल करून हे साधत नाही. रचना करणाऱ्यानं ते चित्र कितीतरी वेळ, कितीतरी वेळा पाहिलं असणार. आणि हे करणारे कोण? बरेच जण तिथल्या बागप्रेमी मंडळांचे हौशी सभासद, काही फूलवाले. पाणी आणि किडे ही चित्रांची दुश्मनं, म्हणून फुलं पारखून, चित्रापासून अंतर राखून मांडायची. मलूल झालेलं फूल बदलायचं. एवढं करून चार दिवसांत सगळं काढून टाकायचं! पण आपल्या दारातली रांगोळी तरी कुठे टिकते? म्हणून आई ती मन लावून काढत नाही का?

शाळेत परतल्यावर श्रावणात मी वर्गात वारली शैलीतलं तारपा नाचाचं चित्र लावलं आणि मुलांना म्हटलं, "याला फुलापानांनी उत्तर द्या." चित्रकलेच्या तासाला 'बाई, मला येत नाही' म्हणत वही मिटून बसणारा एक मुलगा आहे. त्यानं पाटाला गेरू फासला. त्यावर तगरीच्या फुलांची गोल गोल फिरणारी रांग मांडली आणि मधोमध तारपा म्हणून शेवग्याची वाकडी शेंग ठेवली. मी विचारलं, "अरे, गोल पुरा का नाही केलास?" तो म्हणाला, "बाई, चित्रात पण रांगेचं टोक मोकळंच आहे. कुणी आलं तर नाचात शिरता यायला नको?"

वर्गातल्या कुणालाच ते टोक दिसलं नव्हतं.

तर मुलांनो, तुमच्या घरातल्या कॅलेंडरवरचं, पुस्तकातलं, कुठलंही आवडतं चित्र घ्या. झाडाखाली पडलेली फुलं, वाळकी पानं, शेंगा गोळा करा. आधी चित्र पोटभर बघा, मग मांडा. आणि पालकांनो, 'चित्रासारखं झालंय का?' असं विचारू नका. विचारा, 'तुला यात काय दिसलं?'