चेंडू नसतानाचा खेळ

शाळेतल्या मुलांना हॉकी शिकवताना बनारसची नावं माझ्या तोंडी हटकून येतात. मोहम्मद शाहिद तिथला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात आपण स्पेनला ४-३ असं हरवलं, त्यातला एक गोल त्याचा. विवेक सिंग १९८८ मध्ये सोलला खेळला, त्याचा भाऊ राहुल १९९६ मध्ये अटलांटाला. पुढे यूपी कॉलेजच्या मैदानावर परमानंद मिश्रांच्या हाताखाली तयार झालेल्या ललित उपाध्यायनं टोकियो आणि पॅरिस अशी दोन कांस्यपदकं आणली. आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेचा आदर्शही शाहिदच.

शाहिद म्हटलं की आठवतं त्याचं ड्रिब्लिंग. मुलांनाही तेच हवं असतं: तिघांना चकवायचं आणि एकट्यानं गोल मारायचा. पण शाहिदच्या ड्रिब्लिंगची खरी कमाई वेगळी होती. दोन-तीन बचावपटू त्याच्याकडे ओढले गेले, की डाव्या बगलेवर जफर इक्बाल मोकळा व्हायचा आणि चेंडू त्याच्याकडे जायचा.

मुलांना मी एक हिशेब करायला लावतो. सामना ६० मिनिटांचा, मैदानावर खेळाडू २२. चेंडू सगळ्यांना सारखा वाटला तरी एकेकाच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन मिनिटं येतात. उरलेली ५७ मिनिटं चेंडूशिवाय खेळायची. मोकळी जागा हेरायची, सोबत्याच्या मागे आधाराला राहायचं, पास येणार नाही हे दिसत असतानाही जीव तोडून धावायचं. मूल घडतं ते या वेळात.

माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी होती, हात विलक्षण चपळ, पण चेंडू सोडवतच नसे. तिला मी नेम घालून दिला: चेंडूला दोनदाच स्टिक लावायची, मग पास. आधी रुसली. मग एका दुपारी तिनं मान वर केली, मोकळ्या मैत्रिणीकडे चेंडू ढकलला आणि तिथेच न थांबता थेट ‘डी’मध्ये धावली. परतीचा पास तिच्या स्टिकवर आला. पुढचा फटका बाहेर गेला, तरी मैत्रिणीला टाळी देतच ती मागे आली.

रागाचंही तसंच. हिरवं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर, पिवळं मिळालं तर किमान पाच. चूक एकाची, आणि दमछाक उरलेल्या दहा जणांची. बाहेर बसून ती दमछाक बघावी लागते, तेव्हा जे उमगतं ते माझ्या कुठल्याही उपदेशानं उमगलेलं नाही.

मात्र खेळ आपोआप काही शिकवत नाही, हे ठासून सांगायला हवं. चषकाच्या हव्यासापायी तीन-चार तगड्या मुलांवर सामना रेटला, की बाकीची मुलं एवढंच शिकतात की आपल्यावाचून कुणाचं अडत नाही. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, बाहेर गेलेला पुन्हा आतही येऊ शकतो. तेव्हा क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: शालेय सामन्यात एकाही मुलाला अखेरच्या शिटीपर्यंत बाकावर बसवून ठेवू नका.