करडा रोहित

मायणीचा तलाव सातारा जिल्ह्यातला. पण आमच्या विट्याहून तो जवळ. म्हणून हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना सांगली जिल्ह्यातील मुलेही आपलेच मानीत. १९९६ साली मी सातवीला मराठी शिकवीत होतो. ‘तलावाकाठची सकाळ’ हा निबंध लिहावयास सांगितला, तेव्हा एका मुलाने सोबत चित्रही काढून आणले. पाण्यात एक रोहित उभा. पण रंग करडा, पंखांवर तपकिरी छटा. रंगपेटी नसल्यामुळे त्याने पातळ केलेली शाई आणि चहाचे पाणी वापरले होते.

“रोहित गुलाबी असतो,” असे म्हणून मी लाल पेन्सिलीने चित्रावर फुली मारली.

“गुरुजी, मी पाहिला तो असाच होता,” एवढेच तो बोलला. तलावावर मीही गेलो होतो. परंतु थवा दुरूनच पाहून परतलो होतो.

पुढे रिचर्ड ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्य यांचा भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा, १९९८ साली निघालेला ग्रंथ माझ्या हाती आला. त्यातील चित्रे अनेकांची. त्यांत आपल्या गोव्याचे कार्ल डिसिल्वा हेही एक. २०१५ साली ते निवर्तले. अशा चित्रकाराचे काम मोठे जिकिरीचे! पक्षी काही चित्रासाठी थांबत नाही. दिसेल तेवढ्या वेळात पेन्सिलीने आकार टिपावयाचा, रंग शब्दांत लिहून ठेवावयाचे, आणि मग घरी कुंचला हाती घ्यावयाचा. जलरंगात तर पिसांचा शुभ्रपणा साधण्यासाठी कागदच कोरा राखावा लागतो. छायाचित्रात एका पक्ष्याचा एक क्षण सापडतो. येथे प्रौढ पक्षी आणि पिल्लू शेजारी शेजारी उभे राहतात.

रोहिताच्या पानावरही ते तसेच उभे होते. गुलाबी प्रौढाजवळ करडे-तपकिरी पिल्लू! हा गुलाबी रंग जन्मतः लाभत नाही. शेवाळ आणि पाण्यातील सूक्ष्म जीव यांच्या आहारातून तो काही वर्षांत पिसांत उतरतो.

तोवर तो मुलगा शाळा सोडून गलाईच्या धंद्यात दूर परप्रांती गेला होता. एकदा जत्रेला आला असता मी त्याला घरी बोलावले, ते पान दाखविले आणि माझी चूक कबूल केली.

“चित्रे काढतोस का अजून?”

“नाही गुरुजी. आता सोन्याचा रंग तेवढा पाहतो.”

तो बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पाय मात्र मी आखूड काढले होते.”